सगुणाऊच्या मानाची आणि महिरपीतल्या साच्याची हकीकत

श्री देवी प्रसन्न. लिहिणाराचें बोट अडखळूं नये, वाचणाराचें दूध उतूं जाऊं नये, इतकें मागणें मागोन हकीकत लिहिली जाते ऐसीजे. शके १९३४, नंदननाम संवत्सर, ते समयीं सात गावांची एक दौलत नांदत होती आणि तिचा कारभार सगुणाऊसाहेब पाहात होत्या. आऊ तिसऱ्या इयत्तेपर्यंत शाळेंत गेल्या, पुढें मास्तरांसच फारसें येत नाहीं ऐसें पाहोन परत आल्या, आणि तेव्हांपासोन जें शिकल्या तें चुलीपाशीं आणि माणसांत शिकल्या. बोलणें ऐसें कीं दोन शब्द बोलल्या तरी ऐकणारा बिनाकल्हईचा लख्ख व्हावा. आणि दौलतींत चाल ऐसी होती कीं चैत्री पुनवेस सातही घरांनीं देवीस पुरणाचा आणि गव्हाच्या खिरीचा नैवेद्य करावा, आणि पहिलें ताट आऊंच्याच घरचें जावें. हा मान आजेसासूपासोन चालत आला. परंतु शर्त ही कीं ताटांत खोट असूं नये. खोट निघाली तर मान दुसऱ्या घरीं जावा, आणि दुसरें घर म्हणजे यमुनाक्कांचें. यमुनाक्का आऊंची विहीण, धाकट्या सुनेची आई. आऊ म्हणत, "मान वैऱ्याला गेला तर एक वेळ चालेल. विहिणीला गेला तर जेवण उतरायचं नाही." आणि आणखी एक चाल होती, कीं नैवेद्य रांधतां कोणीं चव घेऊं नये. देवीच्या आधीं जीभ लावणें म्हणजे मोठा अपराध. सबब हात सांगेल तें प्रमाण, आणि हात विसरला तर लिहिलेलें प्रमाण.

आणि लिहिणें कोठें, तर विकीवर. ही विकी म्हणजे नवलाची दौलत: तींत राजा नाहीं, दरवाजा नाहीं, सातही गावांच्या बायांनीं हातांतल्या मोबाईलवरून यावें, पान उघडावें, लिहावें, दुसरीचें खोडावें, आणि खोडलेलेंही परत आणतां यावें. जुन्या हाताच्या बाया थकल्या, नव्या सुना शहरांतून आल्या, म्हणोन एकेका पदार्थाचें एकेक पान मांडलें होतें. परंतु पानांस मेळ नव्हता. कोणी वर जिन्नस लिही, कोणी खालीं. कोणी तिखट सांगे, कोणी विसरे. कोणी गूळ "अंदाजानं" लिही, मग अंदाज कोणाचा यावरून फोनवर लढाई जुंपे. तेव्हां धाकटी सून इंदुमती इणें एक चौकट रचिली आणि तिचें नांव ठेविलें साचा. साच्यांत जागा रिकाम्या: पदार्थाचें नांव, माणसें किती, गूळ किती, तिखट किती. मग ज्या पानावर चौकट हवी तेथें फक्त दोन महिरपी, म्हणजे नागमोडी कंस, उघडाव्या, दोन मिटाव्या, मधें साच्याचें नांव आणि आपापले आकडे घालावे, आणि पान जतन करतांच चौकट उभी! रेघा सरळ, रकाने सारखे, जशी कारागिरानें बसविली. पुरणाच्या पानावर तीच, खिरीच्या पानावर तीच, तान्ह्या मुलाच्या पेजेच्या पानावर तीच, आणि मजकूर ज्याचा त्याचा. बाया पाहों लागल्या आणि तोंडांत बोट घातलें तें काढिनात. आऊंनींही चष्मा चढवून पाहिलें, आणि मनांत थक्क झाल्या, आणि तोंडानें म्हणाल्या, "बरी आहे. रेघ जरा जाड हवी होती." मग इंदुमतीनें तेथेंच साच्यांत रेघ जाड केली, आणि काय चमत्कार सांगावा, साऱ्या दौलतींतल्या एकूणएक पानांवरची रेघ त्या क्षणीं जाड झाली. आऊंच्या अंगावर कांटा आला. परंतु सुनेच्या करणीनें कांटा आला हें सुनेस कां कळूं द्यावें, म्हणोन पदर सारखा केला.

मग आऊंच्या कटाच्या आमटीचें पान राहिलें होतें. इंदुमती म्हणाली, "आऊ, तुमच्या आमटीच्या पानावर महिरपीत साच्याचं नाव घातलंय. तिखटापुढं तुमचं काय ते भरा. फक्त साच्याला हात लावू नका." हें बोलणें आऊंस मिरचीसारखें झोंबलें. "करंज्यांचे साचे झिजले माझ्या हाती, आणि तू मला साचा शिकवतेस?" म्हणाल्या. "तसं नव्हे आऊ, हा साचा जरा निराळा..." "साचा तो साचा. सारण भरायचं, दाबायचं, करंजी काढायची. गेली ती गेली, साचा पुन्हा रिकामा." ऐसें म्हणोन पुनवेच्या जत्रेच्या आदले दिवशीं दुपारीं, सून ओटी भरावयास गावांत गेली असतां, आऊंनीं एकाच बोटानें पान उघडिलें. तेथें साच्याचें नांव निळें दिसलें, त्यावर बोट ठेविलें, तों साचाच उघडला. आंत तिखटाची जागा रिकामी. आऊंनीं विचार केला, रिकामी आहे म्हणजे भरावयाचीच आहे. बाकी पदार्थ तर साच्यांतून कधींच निघाले, ते आपापल्या पानांवर सुखी आहेत. आणि ती जागा पुसोन तेथें अक्षर अक्षर जुळवून लिहिलें: तिखट सढळ हातानं. ज्याला सोसवत नाही त्यानं ताक प्यावं. आणि जतन केलें, आणि मोबाईल उशाखालीं ठेवून सुखानें आडव्या झाल्या. करंजीचा साचा फुटला तरी डब्यांतली करंजी फुटत नाहीं, हें त्यांस पक्कें ठाऊक. आणि हा साचा जिवंत असोन आपल्या पोटच्या एकेका पानाशीं नाळ धरून आहे, हें मात्र ठाऊक नव्हतें.

दुसरे दिवशीं पुनव. सातही घरीं चुली पेटल्या, गहूं शिजला, गूळ पडला, आणि बायांनीं खिरीचें पान उघडिलें तों चौकटींत तेंच वाक्य. पुरणाच्या पानावर तेंच. पेजेच्या पानावर तेंच. नांव कोणीं घातलें नव्हतें, परंतु तें बोलणें दौलतींत दुसऱ्या कोणाच्या तोंडचें असणार नाहीं हें सर्वांनीं ओळखिलें. मग यमुनाक्कांचा फोन आला. "विहीणबाई, रामराम! खिरीत तिखट सढळ हातानं टाकू म्हणता, ते फोडणीत टाकू की वरून भुरभुरू?" "कसलं तिखट, यमुनाक्का? सकाळी सकाळी काय खाल्लंत?" "खाते कुठली? नैवेद्याआधी! तान्ह्याच्या पेजेलाही तुम्ही तिखटच लिहिलंय. बाळाला ताक पाजायचं का, तेवढं सांगा." आणि फोनांतून पांचसात बायांचें हसूं एकदम आलें. आऊंनीं फोन ठेविला, आणि पानामागोन पान उघडोन पाहिलें. जेथें पाहावें तेथें आपलाच आवाज. जशा साऱ्या मुलखाच्या भिंतींनीं एकदम आपलेंच बोलणें बोलावें! भय वाटलें, आणि भयाच्या पोटीं एक थोर नवलही वाटलें, कीं नवऱ्याचा शब्द कधीं एका वेळीं दोन गावांत गेला नाहीं, आणि हा एका बोटाचा शब्द सातही गावांत चुलीपर्यंत पोंहोचला.

मग इंदुमतीस हांक मारिली. "हे तू पाहिलंस?" "पहाटेच पाहिलं." "आणि गप्प बसलीस? माहेराला मान मिळेल म्हणून?" सून रागें भरली, परंतु आवाज चढविला नाहीं. "एका टिचकीत उलटवलं असतं आऊ. मग सात गावांत झालं असतं की सुनेनं सासूचा शब्द पुसला. तुम्ही देव्हाऱ्यात होता तेव्हा दोनदा दाराशी आले. दोनदा म्हणालात, पूजेत बोलायचं नाही." आऊंनीं मोबाईल पुढें ओढिला, चष्मा चढविला. मग म्हणाल्या, "दाखव. पण बोट माझंच." सुनेनें दाखविलें कीं येथें मागचा इतिहास, येथें उलटवा. आऊंनीं देवीचें नांव घेऊन बोट टेंकलें. तों पुरणाचें पान शुद्ध! खिरीचें शुद्ध, पेजेचें शुद्ध, जेथें जें होतें तेथें तें, जसें कांहीं घडलेंच नाहीं. आऊंनीं तीं पानें पुन्हा एकेक उघडोन पाहिलीं. मग हलकेच म्हणाल्या, "बोलून गेलेला शब्द असा परत घेता येतो हे आधी ठाऊक असतं, तर अर्धी भांडणं टळली असती." आणि सुनेनें प्रथमच सासूस हंसतांना पाहिलें. सहाही घरांतून फोन आले कीं आम्हीं तिखट घातलें नव्हतें, विचारावें म्हणोन थांबलों होतों, आतां पान नीट दिसतें. आऊंनीं निःश्वास सोडिला कीं मान राहिला.

इतक्यांत आपल्याच माजघरांतून ठसका ऐकूं आला. एकीचा, मग दुसरीचा. आऊ धांवत गेल्या तों स्वैंपाकीण बायजा पदर नाकास लावोन खीर ढवळीत आहे, आणि शेजारीं तिखटाचा डबा उघडा. "बायजे, काय केलंस?" "लिव्हलंय तसं केलं, आऊ. थोरल्या सूनबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं." "अगं, खिरीत तिखट घालतात का? विचारायचं नाही?" "मलाबी तसंच वाटलं. पण संक्रांतीला विचारलं तवा म्हणालात, तोंड चालवू नको, हात चालव." सहा घरीं बाया थांबल्या, कारण तेथें शंका विचारण्याची सोय होती. आऊंच्याच घरीं कोणी थांबलें नाहीं. गुळाच्या रंगांत तिखट दडलें होतें. चव घेण्याची चाल नाहीं. ताट जसेंच्या तसें गेलें असतें, पहिला मान झाला असता, आणि पंगतीपर्यंत कोणास पत्ता नसता. इंदुमतीची थोरली जाऊ हळूच म्हणाली, "आऊ, देवी काय सांगायला येते?" आऊंनीं ताटावरचें वस्त्र धरिलें, ऐसें वाटलें कीं आतां झांकितील. मग सोडिलें. म्हणाल्या, "देवी नाही सांगायची. पण बायजाला ठाऊक आहे, आणि तिला रोज माझ्यापुढं उभं राहायचंय."

आणि आपण पायीं चालत यमुनाक्कांच्या दारीं गेल्या, आणि सात गावांदेखत म्हणाल्या, "आमच्या ताटात खोट आहे. खोट माझ्या हातची, बायजाची नाही. पहिलं ताट तुमचं." यमुनाक्कांच्या ओठीं टोमणा तयार होता तो तेथेंच वाळला. ताट त्यांचें गेलें. आणि आऊ पंगतींत बसोन आपल्या घरची ती खीर वाटीभर जेवल्या, डोळ्यांतून पाणी वाहात असतां, आणि कोणी हंसावयास धजलें नाहीं, एक यमुनाक्का सोडोन. त्यांनीं ताकाचा पेला पुढें सरकविला, आणि आऊंनीं तो घेतला. मग घरीं येऊन आऊंनीं इंदुमतीस बोलाविलें आणि फर्माविलें कीं साच्यास कुलूप घाल, साचा हलवणें तर सर्वांचा विचार घेतल्यावांचून कोणीं हलवूं नये. सून भीत भीत म्हणाली, "कुलूप सर्वांना लागतं आऊ. तुम्हालाही." "मलाच आधी लाव," आऊ म्हणाल्या, "आणि बायजाला विचारून घे, खिरीच्या पानावर आणखी काय हवं ते."

येणेंप्रमाणें चैत्रांत मान गेला आणि साचा राहिला. पुढें सात गावांत शेंकडों पानें जाहलीं, सर्वांस चौकट एक, आणि आऊंच्या माजघरांत बाया शंका विचारूं लागल्या. बहुत काय लिहिणें. हकीकत संपूर्ण.