कपाट तिथेच राहू द्या!

‘जगण्यातला गोंधळ!’ फोटोग्राफीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा हा विषय ऐकला आणि मी मनात म्हटलं, चला, पदवी खिशात! वर्गातली बाकीची मंडळी गोंधळ शोधत बाजारात आणि बसस्टँडवर भटकायला निघाली. मला कशाला भटकायला हवं? माझा दादा घर बदलत होता!

कढईत चपला, चपलांच्या खोक्यात घड्याळ आणि घड्याळ शोधायला गेलेला दादाच बेपत्ता, असा सगळा मामला. यापेक्षा बावनकशी गोंधळ कुठे मिळणार? मागच्या प्रकल्पाला सरांनी नुसतं "हं" म्हणून मला काठावर ढकललं होतं. या खेपेला घसरले तर अख्खं वर्ष गेलं. त्यामुळे मी चंगच बांधला. आभाळ कोसळलं तरी कॅमेरा खाली ठेवायचा नाही!

नवं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट इतकी चिंचोळी, की माणसालाही श्वास रोखून आत शिरावं लागे. त्यात त्या दिवशी ती बंदच. म्हणजे सामान जिन्यानेच. वहिनी वर स्वयंपाकघर पुसत होती, दादा खाली ट्रकपाशी होता आणि मी ठाण मांडलं दुसऱ्या मजल्यावर, कारण तिथल्या खिडकीतून उजेड झकास यायचा. समोरच दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. दार सताड उघडं.

हमालांचा मुकादम आणि त्याचे गडी कपाट घेऊन चढले. कपाट तिरकं, गड्यांचे चेहरे टोमॅटोसारखे आणि उजेड नेमका आरशावर!

"थांबा! तिथेच राहू द्या!" मी ओरडले.

"इथं?" मुकादमाने विचारलं.

"हो, हो! जरा डावीकडे... सरळ करा... बस्स!"

"नक्की ना, ताई?"

"अगदी नक्की!"

गड्यांनी कपाट टेकवलं. मी धडाधड फोटो काढले. मुकादमाने उघड्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खूश होऊन खाली हाळी दिली, "अरे, चौथा नाय, दुसरा मजला! घरच्या ताईच सांगतायत!"

हे मी ऐकायला हवं होतं. पण काय आहे, फोटो काढताना माझा एक डोळा मिटतो, त्याच्याबरोबर दोन्ही कानही मिटतात!

गाद्या, फ्रिज, सोफा, सगळी वरात दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत शिरली. डॉक्टर आत कुणाच्या तरी दाढेत गुंतलेले. त्यांनी नेमका त्याच आठवड्यात पेशंटसाठी नवा सोफा सांगितला होता! दारातून सोफ्याचं टोक दिसताच ते आतूनच म्हणाले, "आला का एकदाचा? भिंतीला लावा. आणि त्या जुन्या खुर्च्या घेऊन जा!"

"ताई, खुर्च्या कुठं नेऊ?" मुकादम माझ्याकडे आला.

मला डोक्यावर खुर्च्या घेऊन जिना चढणारी माणसं हवीच होती. "वर!" मी हुकूम सोडला.

थोड्याच वेळात वहिनीने दादाला फोन लावला. मला तो फोनशिवायच ऐकू आला.

"मला न विचारता या निळ्या खुर्च्या घेतल्यास?"

"कसल्या खुर्च्या?"

"आणि माझा सोफा कुठाय?"

"वर पाठवलाय!"

"वर मी आहे!"

दादा ट्रक सोडून धावत सुटला आणि कपाटापाशी येऊन अडकला. सगळं सामान आत गेल्यावर मी फोटोसाठी ते आणखी सरकवून घेतलं होतं आणि आता त्याने खालचा जिना असा बंद केला होता, की मांजरसुद्धा माघारी फिरलं असतं.

"हे कुणी ठेवलं इथं?" दादा पलीकडून गरजला.

मुकादमाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"दादा, राग असाच ठेव! हात थोडा आणखी वर!" मी म्हटलं.

तेवढ्यात दवाखान्यातून एक काका बाहेर आले. गालात कापूस, अर्धा चेहरा बधिर. त्यांना बिचाऱ्यांना घरी जायचं होतं, पण खाली जायला वाट कुठे होती?

"अअर... अअर..." ते हातवारे करू लागले.

"वर म्हणतायत," मुकादमाने अर्थ लावला. "घरातले वडीलधारे दिसतायत. धरा रे त्यांना!"

दोन गड्यांनी काकांना अदबीने उचलल्यासारखंच चौथ्या मजल्यावर नेलं. वहिनीची किंकाळी ऐकून मी कॅमेरा सावरत वर पळाले. काका एका निळ्या खुर्चीत आपला नंबर लागायची वाट बघत असल्यासारखे बसले होते. वहिनीने घाबरत का होईना, त्यांना पाणी दिलं होतं आणि ते तोंडाच्या बधिर बाजूने तिच्या ताज्या पुसलेल्या फरशीवर ठिबकत होतं.

"कोण आहेत हे?" वहिनीने विचारलं.

"वहिनी, अशीच बघत राहा!" मी म्हटलं.

खालून डॉक्टरांचा आवाज आला, "माझा पेशंट कुठे गेला? आणि हा फ्रिज? मी फक्त सोफा सांगितला होता हो!"

मग सोफा वर, खुर्च्या खाली आणि काका त्यांच्याही खाली, अशी उलटी वरात निघाली. दादाने कपाटाची एक बाजू माझ्या खांद्यावर दिली. चौथ्या मजल्यापर्यंत!

"निदान फोटो तरी बरे आले का?" वहिनीने संध्याकाळी विचारलं.

"वहिनी, तू बघच!" मी दुखरा खांदा चोळत म्हटलं.

सोमवारी सरांनी एकेक फोटो सावकाश पाहिला. मी श्वास रोखून उभी. माझी डावी-उजवी बाजू, माझी सरळ रेघ, माझा उजेड, सगळं काटेकोर होतं. सोफा भिंतीला चपखल. कपाट खिडकीशी रुबाबात उभं. काका समाधानाने बसलेले. वहिनी पाहुण्यांचं स्वागत करत असावी, तशी. आणि हात वर केलेला दादा तर चक्क टाटा करत होता!

"घर छान लावलंय," सर म्हणाले. "पण गोंधळ कुठाय यात? पुन्हा करून आण."

मी फोटो गोळा करून दारापर्यंत पोचले, तोच सरांनी हाक मारली.

"अगं, हे सामान लावणारे लोक कुठले? किती व्यवस्थित काम आहे! मलाही पुढच्या महिन्यात घर बदलायचंय."

मी मुकादमाचा नंबर दिला. काय करणार, प्रकल्प तर पूर्ण करायलाच हवा ना!

"सर," मी शक्य तितक्या भोळेपणाने विचारलं, "सामान नक्की कोणत्या दिवशी हलवताय?"