निमकरांचं वरचं गाव

निमकरांच्या घरी मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्याला पहिल्या दिवशी अंघोळीची परवानगी नसते. घर यिशुनला, अकराव्या मजल्यावर. बाहेर सिंगापूरचा बारमाही घाम. निमकरांचं म्हणणं एकच: "आमच्याकडे चढून आलेल्या दिवशी डोक्यावरून पाणी घेत नाहीत." नाशिकहून आलेल्या त्यांच्या सासूबाईंनी हे शांतपणे ऐकलं, टॉवेल उचलला आणि अंघोळ केली. पुढे दोन दिवस निमकर त्यांना डोकं दुखतंय का, असं विचारत होते. दुखत होतं, पण विचारण्यामुळे, असं सासूबाईंनी स्पष्ट केलं.

निमकर जन्माने चिंचवडचे, नोकरीने इथल्या एका विद्यापीठात यंत्रतज्ज्ञ. त्यांचं 'आमच्याकडे' मात्र नेपाळात आहे, तिबेटच्या सीमेलगत, झाडं संपतात त्याच्याही वर. जमीन किती सरकते ते मोजणारं यंत्र बसवायला ते गेले आणि एक उन्हाळा राहिले. "पसारा मुंबईपेक्षा मोठा, माणसं आपल्या या एका इमारतीत मावतील," असं ते सांगतात. त्या पसाऱ्याला गावपालिकेचा दर्जा मिळाला तेव्हा त्यांनी सेरंगूनच्या भारतीय दुकानांतून पेढे आणून वाटले. लोकांनी बाळाचं नाव विचारलं. निमकरांनी गावपालिकेचं नाव सांगितलं.

मी त्यांचा शेजारी. इथला भात लवकर शिजतो, ही त्यांची कायमची तक्रार. भुकेला वाट बघायला वेळच मिळत नाही म्हणे. लिफ्ट सोडून ते जिना चढतात आणि मजल्यामजल्यावर थांबून खालच्या पार्किंगकडे दरीकडे पाहावं तसं पाहतात. "लग्न माझ्याशी केलं, सासर मात्र तिकडे," असं त्यांच्या पत्नी वृंदाताई म्हणतात.

हिवाळ्यात ते गाव जनावरं घेऊन खाली उतरतं. राखणीला मागे राहते एक म्हातारी. सगळे तिला आमा म्हणतात, म्हणजे आई. यंत्र तिच्या छपरावर आहे आणि सोलर पॅनलवर चालतं. बर्फ पडला की आमा केरसुणीने पॅनल झाडते. ती त्याला ऐना म्हणते. पॅनल झाडला की बॅटरीची रेघ वर चढते, आणि ती उपग्रहामार्गे इथे दिसते. रोज सकाळी निमकर खालच्या कॉफी शॉपमध्ये लॅपटॉप उघडून बसत. रेघ चढली की "उठली" म्हणत आणि चहा मागवत. जमीन सरकल्याचा उल्लेख मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकला.

एका वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर आमाच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी समोरच होतो. आमाला धाप लागत होती, आणि ती खाली यायला तयार नव्हती. ऐना कोण झाडणार, एवढा एकच मुद्दा तिने धरून ठेवला होता. निमकरांनी तिला फोन द्यायला सांगितलं. त्यांची नेपाळी हिंदीच्या आधाराने चालते, त्यामुळे मलाही समजत होतं. आधी जेवणाची चौकशी झाली. मग ते म्हणाले, "आमा, यंत्र बंद झालं. आता झाडायला नको. तू खाली जा."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाली.

"मग तुझी नोकरी गेली का, असं मला विचारत होती."

यंत्र चालूच होतं. काही दिवस तिकडे स्वच्छ ऊन होतं. रेघ आपोआप चढायची, त्यामुळे काहीच कळत नव्हतं. मग बर्फ पडला आणि रेघ खाली आली. इतकी वर्षं जिच्या चढण्याची वाट पाहिली, ती चढू नये म्हणून निमकर त्या सकाळी बसून राहिले. वृंदाताई दोनदा बोलवायला आल्या. दुसऱ्यांदा त्याही बसल्या.

"मुलाला फोन करून विचार ना," त्या म्हणाल्या.

"माझा फोन म्हटला की त्याच्या हातातून तीच घेईल. मग खोटं पुढे चालवावं लागेल."

दुपारपर्यंत रेघ हलली नाही.

"उतरली," निमकर म्हणाले, आणि त्या सपाट रेघेकडे बघत राहिले.