सुधारणा झाल्याने घरी

माणूस मरतो, याबद्दल वैद्यकशास्त्रात आता फारसे मतभेद उरलेले नाहीत. तो कुठे मरतो, हा मात्र अजून संशोधनाचा विषय आहे. आणि त्या विषयात आमच्या प्रांताच्या फुफ्फुस रुग्णालयाने जी मजल मारली, तिची दखल थेट राजधानी हानोईत घेतली गेली.

अभ्यासाचं नाव लांबलचक होतं: ‘फुफ्फुसाच्या कर्करोगाने दाखल असलेल्या रुग्णांना होणारा छातीतील जंतुसंसर्ग व त्यावर नव्या प्रतिजैविकाचा परिणाम’. साध्या भाषेत सांगायचं तर कर्करोग माणसाला सावकाश नेतो आणि न्युमोनिया मध्येच घाई करतो. त्या घाईला आळा घालता येतो का, ते पाहायचं होतं. रुग्ण एकशे अठ्ठावीस. निम्म्यांना जुनं औषध, निम्म्यांना नवं. (कोणाला कोणतं, हे रुग्णांना ठाऊक नसे आणि डॉक्टरांनाही ठाऊक नसे. परिचारिकांना बाटलीच्या बुचावरून कळे, पण परिचारिकांना विचारतो कोण?) प्रत्येकावर अठ्ठावीस दिवस नजर ठेवायची आणि मग मोजायचं: जगले किती, मेले किती.

तीन वर्षांत दोन मेले.

शेवटच्या टप्प्यातला कर्करोग, वर न्युमोनिया, आणि एकशे अठ्ठाविसांत मृत्यू दोन! बाहेरच्या तज्ज्ञांनी पत्रं पाठवून विचारलं, की तुमच्याकडच्या पाण्यात आहे तरी काय.

पाण्यात काही नव्हतं, रिवाजात होतं. आमच्याकडे माणूस घराबाहेर मेला तर त्याचा आत्मा वाटेतच भटकत राहतो. देहसुद्धा मग घरात घेत नाहीत. अंगणात मांडव घालून तिथे ठेवतात, आणि स्वतःच्याच दारात माणूस पाहुण्यासारखा पडून राहतो. म्हणून डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली की नातेवाईक रडण्याआधी रुग्णवाहिका मागवतात. सोबत परिचारिका येते. श्वासाची रबरी पिशवी दाबत दाबत ती माणसाला त्याच्या पलंगापर्यंत पोचवते आणि तिथे, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर, हात थांबवते. रुग्णालयात मरण यावं असं मरणाऱ्याला वाटत नाही, नातेवाइकांना वाटत नाही आणि रुग्णालयालाही वाटत नाही. इतकं एकमत आमच्याकडे दुसऱ्या कुठल्याही प्रश्नावर आढळत नाही.

अभ्यासाच्या फॉर्मवर ह्या एकमताची योग्य सोय केलेली होती. शेवटच्या पानावर दोन चौकोन होते. एक, ‘मृत्यू’ (रुग्णालयाच्या आवारात, दोन डॉक्टरांच्या सहीनिशी, सोबत एकेचाळीस पानी अहवाल). दुसरा, ‘सुधारणा झाल्याने घरी’ (नातेवाइकांची सही, एक ओळ). तिसऱ्या चौकोनाचाही विचार समितीने केला होता, पण तो कागदाच्या रुंदीत बसेना.

जे दोघे मेले त्यांतला एक परमुलखातला खलाशी. त्याला न्यायला घरच नव्हतं. दुसरे निवृत्त पोस्टमास्तर. ते घरी जायला रीतसर निघाले होते, पण लिफ्ट दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये अडकली. दोघेही जुन्या औषधाच्या गटातले निघाल्यामुळे नव्या औषधाचा विजय निर्विवाद ठरला. (लिफ्टची दुरुस्ती त्यानंतर अभ्यास संपेपर्यंत पुढे ढकलली. मधेच परिस्थिती बदलली तर तुलना करता येत नाही.)

रुग्ण क्रमांक एकशे सतरा होते लाम. वय एकाहत्तर. दाय नदीच्या पातळीमापन केंद्रावर त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. पट्टीवर पाणी कुठवर आलं ते सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला बघायचं आणि वहीत लिहायचं. पुराच्या एका वर्षी वरून निरोप आला, की वीस सेंटिमीटर कमी लिहा, लोक घाबरतील. लामनी दिसला तोच आकडा लिहिला. लोक घाबरले, गुरं घेऊन बंधाऱ्यावर गेले आणि वाचले. (लामना बढती का मिळाली नाही, याची नोंद कुठे सापडत नाही.)

त्यांची मुलगी ख्वे तालुक्याच्या शाळेत ग्रंथपाल होती, त्यामुळे छापलेला मजकूर शेवटपर्यंत वाचण्याची खोड तिला होती. तेवीस दिवस ती वडिलांच्या खाटेखाली चटई टाकून झोपत होती. तिथून तिने रुग्णांसाठीच्या सर्व सूचना, अग्निशामक नळकांड्यावरची माहिती आणि खाटेच्या पोटावरचं कारखान्याचं नाव वाचून संपवलं होतं.

तेविसाव्या दिवशी दुपारी लामनी पेजेचा चमचा बाजूला सारला आणि मास्कमधूनच विचारलं, “पाणी कुठवर आलंय?”

“कुठलं पाणी, बाबा?”

“छातीतलं. दुसरं कुठलं?”

ख्वेने छातीचा सकाळचा एक्स-रे पाहिला होता. “वर आलंय,” ती म्हणाली. त्यांच्याशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

“मग घरी ने. आजच ने. गळ्याशी येईतो थांबायचं नसतं, पोरी.”

घर होतं चौतीस किलोमीटरवर, नदीपलीकडे. गाड्यांची शेवटची फेरीबोट पाचला. तेव्हा वाजले होते दोन. ख्वे परिचारिकांच्या टेबलापाशी गेली. तिथे थोआ होती, तिशीच्या आतली, ह्या वॉर्डातून सर्वाधिक माणसं घरी पोचवलेली. तिने फॉर्म आणि पेन आधीच काढून ठेवलं होतं.

“इथे सही करा ताई, खाली तारीख. मी गाडी लावायला सांगते.”

ख्वेने वाचलं. “‘सुधारणा झाल्याने घरी’? थोआ, त्यांना श्वास घेता येत नाहीये.”

“हो ना. म्हणून तर म्हणते, घाई करा.”

“मग सुधारणा कसली?”

थोआने बोट वरच्या चौकोनावर नेलं. “मग ह्याच्यावर खूण करू? करते. पण मग ते मरेपर्यंत त्यांना इथून हलवता नाही येणार हां. आधी मरायला लागतं, त्याशिवाय हा चौकोन चालत नाही.”

“म्हणजे जिवंत असले तर ते सुधारलेत.”

“आता कसं बोललात!” थोआला हायसं वाटलं.

शेजारच्या खाटेजवळून लुआ मावशी हे सगळं ऐकत होत्या. सुपारी चघळत म्हणाल्या, “कर गं सही! शिकलेल्यांचं हे असं. आमच्या म्हाताऱ्याला ह्यांनी दोनदा बरा केलाय. दोनदा मरायला म्हणून घरी नेला, पाव्हणे जमवले, डुक्कर कापलं, आणि हा उठून बसून मासा मागतो! परत आणला इथे. कागदावर दोन माणसं बरी झालीयत, आणि खाट एकच अडलीय.”

खाटेवरच्या म्हाताऱ्याने दिलगिरीने डोळे मिटून घेतले.

ख्वेने सही केली नाही. समासात एक ओळ लिहू द्या, म्हणाली: ‘प्रकृती गंभीर, नातेवाइकांच्या विनंतीवरून घरी.’ समासात लिहिलेला फॉर्म यंत्र घेत नाही, असं थोआने सांगितलं. मग सही न करताच न्यायचं? सहीशिवाय गाडीची चिठ्ठी फाटत नाही. शेवटी अभ्यासाचे प्रमुख, प्राध्यापक दाक, यांना बोलावण्यात आलं. ते सहृदय गृहस्थ होते. त्यांनी ख्वेला खुर्ची दिली, चहा दिला आणि तिची भूमिका पूर्ण ऐकून घेतली, याला अर्धा तास लागला.

“बाई,” ते म्हणाले, “मृत्यू ही घटना आहे. घरी जाणं हा निर्णय आहे. घटना मोजायच्या असतात, निर्णयांचा मान राखायचा असतो. मी तुमच्या वडिलांचा मान राखतोय.”

“आणि घरी गेल्यावर ते वारले तर?”

“तर ती घरातली गोष्ट झाली. घरात डोकावणं अभ्यासाच्या नीतिनियमांत बसत नाही.”

ह्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि तीच मोठी अडचण होती. ख्वे वडिलांकडे परतली तेव्हा सव्वातीन झाले होते. (तो सव्वा तास पुढे कामी आला असता.) लामच्या ओठांचा रंग बदलला होता.

“खोटं लिहून मागतायत, बाबा.”

लामनी दोन श्वास खर्चून विचार केला. “तुझं खरं,” ते म्हणाले, “मला घरी नेणार आहे का?”

ख्वेने सही केली. अक्षर सुवाच्य होतं.

गाडीत बसल्यावर थोआने मास्कला रबरी पिशवी जोडली आणि दाबायला सुरुवात केली. दाब, सोड, एक, दोन, तीन. दाब, सोड. ख्वेने वडिलांची पावलं धरली होती. रस्ता चांगला होता. धक्क्यावर चार वाजून पाच मिनिटांनी पोचले, आणि फेरीबोटीवरच्या मोटरसायकली, बदकांचे पिंजरे आणि विटांचा एक टेम्पो रुग्णवाहिकेसाठी निमूट सरकले. उकडलेले शेंगदाणे विकणारी एक बाई खिडकीशी आली, आत बघितलं आणि हाक न देता मागे झाली.

बोट नदीच्या मध्यावर असताना थोआने दोन बोटं लामच्या मानेला लावली. काढली. पुन्हा लावली, जरा खाली. चार वाजून बावीस मिनिटं झाली होती.

“ताई.”

“दाबत राहा.”

“ताई, मी काय म्हणते—”

“दाबत राहा, थोआ. अजून घर आलेलं नाही.”

थोआने दाबलं. दाब, सोड, एक, दोन, तीन. पलीकडच्या धक्क्यावर तिच्या मनगटाला पेटके आले, तेव्हा ख्वेने पिशवी आपल्या हातात घेतली. हे काम अवघड नसतं. लय चुकवायची नसते, एवढंच.

फाटकात मिएन आत्या उभ्या होत्या, लामच्या थोरल्या बहीण, वय एकोणऐंशी. मागे अर्धं गाव. अंगणात बांबू आणि ताडपत्री काढून ठेवलेली होती. मांडव घालावा लागेल की नाही, तेवढंच ठरायचं होतं.

“श्वास आहे ना गं?” आत्यांनी विचारलं. “माझा भाऊ आत येतोय ना?”

“आहे, आत्या,” ख्वे म्हणाली.

लामची छाती वर होत होती, खाली होत होती. सगळ्यांना दिसत होतं. त्यांना उंबरठ्यावरून आत नेलं, त्यांच्या पलंगावर ठेवलं, डोकं देव्हाऱ्याच्या बाजूला केलं. मग थोआने मास्क काढला आणि अगदी हळू म्हणाली, “आत्ता.” आत्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं: चार त्रेपन्न. भाग्याचा माणूस, असं गाव म्हणालं. पंचायतीच्या दाखल्यावर ‘राहत्या घरी’ असं लिहून आलं. थोआने जाताना उदबत्ती लावली, तीनदा वाकली, आणि ख्वेकडे न बघता गाडीत जाऊन बसली.

पाच दिवसांनी, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी, रुग्णालयातून फोन आला. आवाज तरुण आणि नम्र होता.

“लाम यांच्या घरून ना? पाच प्रश्न आहेत ताई, फक्त हो किंवा नाही सांगा. खोकला आहे का?”

“ते वारले.”

“अरेरे. वाईट झालं.” पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. “पण तसा प्रश्न नाहीये हो इथे. खोकला?”

“नाही.”

“ताप?”

“नाही.”

“धाप लागते?”

“नाही.”

“परत कुठे भरती करावं लागलं?”

“नाही.”

“औषधाचा काही त्रास?”

“आता नाही.”

“म्हणजे पाचही नाही,” आवाज म्हणाला, आणि त्यातला आनंद खरा होता. “पूर्ण बरे. पाचही नाही असणारे फार थोडे असतात, ताई.”

ते खरंच होतं. बाकीच्या नातेवाइकांनी दुःखाच्या भरात फोन ठेवून दिले होते, आणि त्यांची माणसं नुसतीच ‘सुधारलेली’ राहिली. अंतिम अहवालात रुग्ण क्रमांक एकशे सतराला एक स्वतंत्र परिच्छेद मिळाला. हानोईच्या परिषदेत प्राध्यापक दाक यांनी तो वाचला, तेव्हा टाळ्या पडल्या म्हणतात.

अशा अभ्यासाला हसणं सोपं आहे. मघापासून तुम्हीही हसला असाल, तर हरकत नाही. फक्त एक नोंद पुरी करायची राहिली आहे. लाम कुठे वारले? चौकोन दोनच आहेत: ‘बोटीवर’ आणि ‘राहत्या घरी’. बोटीवरची वेळ मिनिटासकट तुम्हाला दिलेली आहे. तरीही म्हातारी फाटकात वाट अडवून उभी होती, तेव्हा ख्वेने ‘आहे’ म्हणावं असंच तुमच्या मनात आलं, आणि ती तसं म्हणाली तेव्हा तुम्हाला बरं वाटलं. तुमची खूण तिथेच झाली. आणि तुमच्याकडे तर कोणी सहीसुद्धा मागितली नव्हती.