सर्वाधिक निमंत्रित संघ

नेब्रास्कातल्या कॉटनवुड बेंड कॉलेजचा फुटबॉल संघ यंदाही हंगामातले पहिले नऊ सामने हरला, ही बाब कॉलेजच्या अध्यक्ष डॉ. प्रूडन्स हार्गिस यांनी विश्वस्तांच्या सभेत समाधानपूर्वक नोंदवली. संघाचे कोच मर्ल लिंडक्विस्ट मागच्या खुर्चीत बसून स्वतःच्या बुटांकडे पाहत होते. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनाही वाजवाव्या लागल्या.

यामागे एक रीत आहे. आमच्या भागात प्रत्येक कॉलेज पानगळीतल्या एका शनिवारी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांचं माहेरपण करतं. माणसं पोटं सावरत येतात, मिरवणूक निघते, बँड वाजतो आणि दुपारी आमच्या फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा, सामना घरचा संघ जिंकतो. तो जिंकावाच लागतो, म्हणून पाहुणा संघ नीट पारखून बोलावतात. वासरांत लंगडी गाय शहाणी ठरायची, तर आधी वासरं गोळा करावी लागतात. कॉटनवुड बेंड हे अख्ख्या राज्यातलं सर्वांत भरवशाचं वासरू होतं.

यंदाचे नऊच्या नऊ सामने दुसऱ्यांच्या माहेरपणाचे होते. डॉ. हार्गिस यांनी माहितीपुस्तिकेवर ‘राज्यातला सर्वाधिक निमंत्रित संघ’ असं ठळक छापून घेतलं आणि पराभवाचा दर्जा टिकवायला एक समिती नेमली. एकदा संघ नुसता सतरा गुणांनी हरला, तर समितीने कोचकडून लेखी खुलासा मागवला. यजमानांना चाळीस गुणांची अपेक्षा असताना मधले तेवीस गुण कोणाच्या हलगर्जीपणामुळे राहिले, असा प्रश्न होता.

कोचचं दुखणं वेगळंच होतं. जिंकलेल्या कोचच्या डोक्यावर पोरं बर्फाच्या पाण्याची बादली ओततात. त्या एका बादलीसाठी बावीस वर्षं दर शनिवारी त्यांची बायको इर्मा कोरडा शर्ट इस्त्री करून पिशवीत घ्यायची आणि संध्याकाळी घडीही न मोडलेला तो शर्ट परत कपाटात ठेवायची. ती यावर कधी एक शब्द बोलली नव्हती, आणि कोचना तेच जास्त लागायचं. हा त्यांचा शेवटचा हंगाम होता.

दहावा सामना आपल्याच माहेरपणाचा. आता कॉटनवुड बेंडपेक्षा कच्चा संघ आणायचा कुठून? बऱ्याच शोधानंतर ड्राय फोर्क कॉलेज सापडलं. त्यांना यंदा आठ आमंत्रणं होती, म्हणजे हरण्यात तेही काही कमी नव्हते. कोचच्या मनात पहिल्यांदाच आशा पालवली, आणि गुरुवारी अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं.

“मर्ल, शनिवारी जिंकायचं नाही.”

“डॉक्टर, आपलं माहेरपण आहे. आपली माणसं येणार.”

“आपली माणसं एक दिवस येतात. ड्राय फोर्कला हरवलंत, तर राज्यात सर्वांत कच्चे ते ठरतील. पुढच्या वर्षीची आमंत्रणं सगळी त्यांच्याकडे जातील. बावीस वर्षांची कमाई एका दुपारी घालवायची का?”

“मग लोकांना काय सांगू?”

“हरणं ही आपली परंपरा आहे, असं सांगा. परंपरा म्हटलं की कोणी खोलात शिरत नाही.”

शनिवारी मिरवणूक झाली, चिलीचा झणझणीत रस्सा आणि दालचिनीचे रोल खाऊन लोक जागेवर बसले. सामना सुरू झाला आणि कोचच्या लक्षात आलं की ड्राय फोर्कच्या अध्यक्षांनीही असंच काहीतरी बजावलेलं दिसतंय. कॉटनवुडच्या पोराने चेंडू हातातून सोडला की ड्राय फोर्कचा पोरगा तो उचलून अदबीने परत करी. पंगतीत जिलबीचा आग्रह चालावा, तसा चेंडू इकडून तिकडे चालला होता. वेळ संपली तेव्हा गुण शून्य-शून्य होते.

बरोबरी आमच्याकडे चालत नाही. जादा डाव झाले, त्यांतही कोणी गुण घेईना. मग नियमाप्रमाणे चेंडू रेषेपासून तीन यार्डांवर ठेवून दोघांना आळीपाळीने एकेक संधी मिळू लागली; चेंडू रेषेपार नेला की दोन गुण. अकराव्या फेरीपर्यंत बँडची सगळी गाणी दोनदा वाजून झाली होती. ड्राय फोर्कचा पोरगा स्वतःच्याच बुटाच्या नाडीत अडकून पडला, तेव्हा त्यांच्या कोचने त्याची पाठ थोपटली.

कोच लिंडक्विस्टनी वर पाहिलं. घोंगडी पांघरून बसलेल्या इर्माने शर्ट पिशवीतून काढला, त्याची कॉलर सरळ केली आणि पुन्हा आत ठेवला. कोचनी संघाच्या चाली चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला, वेंडेल नोवोट्नीला, जवळ बोलावलं. चार वर्षं इमानेइतबारे हरलेला पोरगा तो.

“वेंडेल, तीन यार्ड म्हणजे किती रे?”

“नऊ फूट, कोच.”

“चालत जा.”

“आणि अध्यक्ष?”

“त्यांचं मी बघतो. जा पोरा.”

वेंडेल चालत गेला. ड्राय फोर्कचे अकराही जण बाजूला झाले, एकाने तर “या, या” म्हटलं. दोन-शून्य. म्हातारे माजी विद्यार्थी एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. पोरं बादली शोधत धावली, पण कॉटनवुडकडे बादली होतीच कुठे. शेवटी ड्राय फोर्कवाल्यांनीच नाचत-नाचत आपली आणून दिली.

कोच नखशिखान्त भिजले. इर्मा खाली आली आणि शर्ट पुढे केला.

“आता चिली नको सांडूस यावर,” ती म्हणाली. “बावीस वर्षांची इस्त्री आहे.”

कोच लहान पोरासारखे रडले.

सोमवारी ‘अनधिकृत विजयाबद्दल’ त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. आठवडाभरात नऊ कॉलेजांनी मनःपूर्वक अभिनंदन करून पुढच्या वर्षीची आमंत्रणं खेदपूर्वक मागे घेतली आणि ड्राय फोर्ककडे पाठवली. दहावं आमंत्रण ड्राय फोर्कला खुद्द डॉ. हार्गिस यांनी धाडलं. आपलं कॉलेज आता जिंकणारं असल्याने माहेरपणाला जरा साधा पाहुणा हवा, असं त्यांनी विश्वस्तांना सांगितलं, आणि पुन्हा टाळ्या वाजल्या.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला कोचच्या घरी फोनच वाजला नाही. बावीस वर्षं शेजारचे पीटरसन, समोरचे क्रॅमर, चर्चमधले सगळे त्यांना टर्की खायला हट्टाने न्यायचे, पानावर बसवून ‘बिचारा मर्ल’ म्हणत दुसरा तुकडा वाढायचे आणि आपापल्या मुलांची प्रगती ऐकवायचे. यंदा इर्माने दोघांपुरती कोंबडी भाजली. ती मात्र फारच छान झाली होती.

आपल्याला लोक फार बोलावतात, दर समारंभाला अगदी आग्रह करून नेतात, असं परवा तुम्हीच कोणाला तरी अभिमानाने सांगत होतात. जरूर जा. फक्त बरोबर कोरडा शर्ट नेऊ नका.