शंभरात पस्तीस

पत्त्यांच्या डावात पॅक कधी करावं, हे मी प्रगतीच्या विरहात शिकलो. लोक विरहात कविता करतात. मला ते जमत नाही. (कॉलेजात एकदा केली होती. जिला दिली तिने शुद्धलेखन तपासून परत केली. पुढे तिच्याशीच लग्न झालं.)

मी कमलेश. जव्हारला एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर असतो. सासुरवाडी मोखाड्याला. श्रावणात सासूबाई अंगणातल्या शेवाळावर घसरल्या आणि पाय मुरगळून बसल्या. प्रगती "आठ दिवसांत येते हं" म्हणून गेली. आठाचे पंधरा झाले, पंधराचे अडतीस. मधल्या काळात सासूबाईंचा पाय इतका बरा झाला की गौरीच्या फेरात त्या सगळ्यांत पुढे होत्या. माझा मेव्हणा तुषार याने तो व्हिडिओ मला मुद्दाम पाठवला.

इकडे मला घर खायला उठायचं. सकाळी हात सवयीने दोन कप चहाचं आधण ठेवायचा. दुसरा कप टाकवत नाही म्हणून मीच प्यायचो, आणि दुपारपर्यंत पित्त. ओला टॉवेल रोज गादीवर टाकायचो. अडतीस दिवसांत एकदाही कोणी ओरडलं नाही! एकदा मीच मोठ्याने ओरडून पाहिलं, "अहो, तो टॉवेल!" पण त्यात मजा नव्हती. आवाज तिचा पाहिजे.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा.

"जेवलात?"

"जेवलो."

"काय?"

"भात."

"बरं."

मग 'आता ये ना गं' हे चार शब्द माझ्या अगदी ओठांवर यायचे. पण म्हटले नाहीत. कारण तोपर्यंत मी शक्यता काढायला लागलो होतो.

त्याचं असं झालं, की मोबाइलवर मला एक व्हिडिओ सापडला. तीन पत्तीत पॅक कधी करावं, म्हणजे पत्ते खाली टाकून डाव कधी सोडावा. त्यातला टाय लावलेला माणूस सांगत होता, "पत्ते बघा. जिंकण्याची शक्यता काढा. निम्म्याच्या खाली असेल तर पॅक. भावना मध्ये आणू नका." मला ते एकदम पटलं. मी सगळा तक्ता एका जुन्या कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतला, आणि मग मला जिकडेतिकडे शक्यताच दिसू लागल्या. छत्री लागण्याची शक्यता, दूध नासण्याची शक्यता, साहेब वेळेवर येण्याची शक्यता (हे गणित सोपं होतं). आणि मी 'ये' म्हटल्यावर प्रगती 'हो' म्हणण्याची शक्यता. आईचा पाय, माहेरची हवा, हातात आयतं ताट, हे सगळं वजा करून उरले शंभरात वीस. पॅक! रोज फोन ठेवताना मी मनातल्या मनात पॅक म्हणायचो आणि भात गरम करायला उठायचो.

अडतिसाव्या दिवशी रविवार होता. मी मोखाड्याची एसटी पकडली. गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंय, ते विचारायला. (हो, फोनवर विचारता आलं असतं. माहीत आहे मला.)

प्रगती दारातच दिसली. केस धुतलेले, हातात काकडी. मला जे काही झालं ते मी इथे लिहीत नाही. तोंडातून एवढंच निघालं, "गॅसचं पुस्तक कुठंय?"

तिचा चेहरा जरासा उतरला. "फ्रिजवर," ती म्हणाली आणि आत गेली.

जेवणात नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी होती. जेवणं झाली आणि लाइट गेली. सासऱ्यांनी, म्हणजे दामोदरमामांनी, लगेच पत्त्यांचा कॅट काढला आणि चिंचोक्यांचा डबा आणला. आमच्या सासुरवाडीत पैशांनी कोणी खेळत नाही, पण चिंचोक्यांसाठी सख्खे भाऊ वर्ष वर्ष बोलत नाहीत. मामा, तुषार, पोशेऱ्याहून काकड्या घेऊन आलेला मामांचा दोस्त देवराम आणि मी असे चौघं ओटीवर बसलो. मी खिशातून कॅलेंडर काढलं.

"हे काय?" मामांनी विचारलं.

मी दहा मिनिटं शक्यता समजावून सांगितली. देवरामला डुलकी लागली.

"एवढं येतंय तर होऊन जाऊ द्या," मामा आवाज खाली आणून म्हणाले. "एकच डाव. जिंकलात तर प्रगतीला आज घेऊन जा. हरलात तर दसऱ्याला या, मग बघू."

आता हे मामा गमतीत म्हणाले की खरं, हे मी विचारायला हवं होतं. पण मला फक्त 'आज' ऐकू आलं. आज! आज संध्याकाळी ती घरी! मी वीस चिंचोके मोजून घेतले आणि मांडी घट्ट घातली.

पत्ते वाटले. मी उचलून पाहिले. एक्का, राणी, नव्वी. जोडी नाही, रंग नाही. कॅलेंडर उलटंसुलटं करून गणित मांडलं. समोर तिघं. तिघांपेक्षा माझेच पत्ते मोठे असण्याची शक्यता शंभरात पस्तीस. म्हणजे निम्म्याच्या खाली! पण प्रगतीसाठी मी जरा भावना मध्ये आणली आणि खेळत राहिलो.

मामा पत्ते न बघताच, म्हणजे ब्लाइंड खेळत होते. ब्लाइंडवाला एक टाकतो तिथे बघणाऱ्याला दोन टाकावे लागतात, आणि ब्लाइंडवाल्याकडे शो मागायची, म्हणजे त्याला पत्ते उघडायला लावायची सोय नाही. एक तर टाकत राहा, नाही तर पॅक. तुषारने पत्ते पाहिले, तोंड वाकडं केलं आणि टाकून दिले. देवराम म्हणाला, "माज्याकडं निसता कचरा हाय," आणि त्यानेही टाकले. मामांची चाल वाढत गेली आणि माझ्यासमोर आठ चिंचोके उरले.

मामांनी चार टाकले. आता माझ्यावर आठ. म्हणजे सगळेच.

आतून बांगड्या वाजल्या. वाटलं, टाकावेत सगळे, जाऊ दे झाडून. पण डोळ्यांसमोर टायवाला उभा राहिला. शंभरात पस्तीस! भावना मध्ये आणू नका! मी डोळे मिटले आणि सगळ्या ओटीला ऐकू जाईल असा ओरडलो, "पॅक!"

मामांनी सावकाश आपले पत्ते उलटे केले. दुर्री, पंजी, सत्ती. तिन्ही वेगवेगळ्या रंगांची.

"अहो जावईबापू," मामा जवळजवळ रडवेले होऊन म्हणाले, "तुम्हाला जिंकवायचं म्हणूनच मी ब्लाइंड बसलो होतो! तुम्ही पळालात कुठे?"

"दाजी, गणित कितीचं केलं होतं?" तुषारने विचारलं.

"पस्तीस. तिघांविरुद्ध."

"पण मी आणि देवरामकाका कधीच पॅक झालो! समोर एकटे बाबा. मग सत्तर नाही का होत?"

मी कॅलेंडर पाहिलं. होत होते. गणित पुन्हा करायचं असतं, हे टायवाल्याने सांगितलं असेल, तेव्हा बहुतेक माझा भात लागला होता.

"आणि पस्तीस तरी काय वाईट?" मामा म्हणाले. "पस्तिसाला पास करतात."

देवराम मघापासून माझ्यासमोरच्या ढिगाकडे बघत होता. "पाहुनं," तो म्हणाला, "टाकलं असतं न हरलं असतं, तरी दसराच ना? आन् पॅक केलं, तरी दसराच. मंग तुमी राखलं काय? आठ चिचोकं?"

मला पहिल्यांदा नीट दिसलं, मी काय केलंय ते. आठ चिंचोके वाचवले होते आणि बायको घालवली होती. दसऱ्याला अजून किती दिवस आहेत ते मोजायला मी कॅलेंडर सुलट केलं, पण ते गेल्या वर्षीचं निघालं.

इतक्यात आतून प्रगती आली. साडी बदललेली. हातात बॅग, चेन लावलेली.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"घरी. आत्ता ओरडलात ना, पॅक कर म्हणून? केलं पॅक."

तुषार काहीतरी बोलणार तेवढ्यात मामांनी त्याच्या तोंडात काकडीची फोड कोंबली. स्वयंपाकघरातून सासूबाई लंगडत आल्या. प्रगती फक्त म्हणाली, "आई, डावा मुरगळला होता." सासूबाईंनी उजवा पाय सरळ केला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि आमच्या पिशवीत सहा काकड्या भरल्या.

एसटीत ती खिडकीशी बसली. मी पैजेचं सगळं कबूल करून टाकलं.

"मी काय चिंचोका आहे?" ती एवढंच म्हणाली, पण माझ्या हातातला हात सोडवून घेतला नाही.

थोड्या वेळाने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या बहिणीच्या लग्नाला जाताना हिला बॅग भरायला सव्वा तास लागला होता. "दोन मिनिटांत बॅग भरली कशी गं?"

"भरलेलीच होती. तीन आठवडे झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून. रोज फोन आला की वाटायचं, आज 'ये' म्हणतील. तुमचं आपलं भात!"

मी हळूच विचारलं, "आणि पॅकचा खरा अर्थ तुला ठाऊक नव्हता?"

"सात वर्षांची होते तेव्हापासून बाबांबरोबर खेळतेय," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुमच्या भरवशावर राहिले असते तर दसरा झाला असता."

घरी पोचल्यावर तिने आधी खोलीत डोकावलं. "अहो! तो टॉवेल!" काय सांगू, कान निवले! मग ती मोरीत डोकावली. तिथे चार दिवसांची भांडी होती.

"एक डाव होऊ दे," मी फळीवरचे पत्ते आणि चिंचोके काढत उत्साहात म्हणालो. "हरेल तो भांडी घासेल."

ती ब्लाइंड बसली. मी पत्ते पाहिले. पुन्हा एक्का, राणी, नव्वी! या वेळी समोर माणसं किती, ते दोनदा मोजून घेतलं. एकच. शंभरात सत्तर! मी शेवटच्या चिंचोक्यापर्यंत भिडलो. तिने शो मागितला आणि आपले पत्ते पहिल्यांदाच उलटले. दुर्रीची जोडी.

मी बाह्या वर केल्या. अर्धी भांडी झाली होती, तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, कढई मागूनसुद्धा घासा!"

मी मागूनसुद्धा घासली. या खेळात पॅक म्हणायची सोय नाही.