पायऱ्यांखालचे पेशंट

चाळिशीच्या आतला माणूस दवाखान्यात आला की तुळशीराम कंपाउंडर त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा आणि विचारायचा, "चालत आला का बे?"

"हाव."

"मंग घरी जाय. जो चालत येते तो बिमार नसते."

तापाने फणफणलेला जवान गडी असला तरी त्याची बाटली सगळ्यात शेवटी भरली जायची. मी एकदा त्याला खडसावलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चाळीसच्या आत माणूस बिमार पडत नसते, आळशी पडते."

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान शहरात नगरपालिकेचा हा दवाखाना होता. मी पुण्याहून शिकून नवाच आलेला. महाराष्ट्र राज्यही नवंच होतं, आणि आपणही काहीतरी नवं करून दाखवू असं मला वाटत होतं. सहा महिन्यांत ते वाटणं संपलं. सकाळी उठलो की अंग आधीच दमलेलं असायचं. देवीची लस, हिवतापाची फवारणी, कुटुंबनियोजन, प्रत्येकाचा वेगळा तक्ता भरून वर पाठवायचा. म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र एकाही तक्त्यात रकाना नव्हता.

आणि शहरात म्हातारी माणसंच उरली होती. पोरं भुसावळला रेल्वेत, नाहीतर मुंबईला गिरणीत. दुपारी गल्लीतून चाललं तर ओट्याओट्यावर पांढरी डोकी. ही सगळी मंडळी दवाखान्यापर्यंत काठी टेकत यायची आणि तिथेच थांबायची. कारण दवाखान्याचं जोतं उंच. नऊ पायऱ्या, त्याही बिनकठड्याच्या. मंडळी खाली निंबाखाली बसायची आणि तुळशीराम त्यांची दुखणी वर आणायचा.

माझ्या दारात उभा राहून तो यादी सांगायचा, "खाली दोन दमे हायेत, एक गुडघा हाय, अन् एक बुढी नुसती रडून राह्यली."

मी मान वर न करता चिठ्ठ्या लिहायचो. दम्याला मिश्रण, गुडघ्याला पुड्या.

"अन् रडणारीले काय देऊ?"

"तिलाही मिश्रणच दे."

इतका मी थकलेलो होतो. तुळशीराम चिठ्ठी घेऊन क्षणभर उभा राहायचा. मग "बाप्पा!" एवढंच म्हणून खाली उतरायचा.

"साहेब, एकडाव खाली येऊन पाहा ना," असं तो आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचा. मी म्हणायचो, बघू. एकदा त्याने एका आजीला पाठकुळी घेऊन वर आणायला सुरुवात केली. चौथ्या पायरीवर दोघंही घसरले. आजीला लागलं नाही, कारण ती तुळशीरामवर पडली. तुळशीराम आठ दिवस लंगडत होता. कठड्यासाठी मी नगरपालिकेला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

मग एका गुरुवारी मी दवाखान्यात आलो तर माझी खोली रिकामी. टेबल नाही, खुर्ची नाही, रक्तदाबाचं यंत्र नाही. खिडकीतून पाहिलं तर सगळा संसार निंबाखाली मांडलेला, आणि समोर पंचवीस-तीस म्हातारी माणसं रांगेत बसलेली.

"तुळशीराम! हे कोणाला विचारून केलंस?"

"कोनाले नाही."

"आत्ताच्या आत्ता टेबल वर ने."

तो हलला नाही. "साहेब, टेबलाले चार पाय हायेत, ते उतरलं. गंगामायले दोनच, तेही सुजेल. तुमीच सांगा, कोनं उतराव अन् कोनं चढाव?"

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मी मुकाट्याने खुर्चीत बसलो.

पहिली आली गंगामाय. म्हणजे आमच्या यादीतला तो 'गुडघा'. तीन महिने मी तिला न पाहता पुड्या देत होतो. तिने लुगडं घोट्यापासून जरा वर घेतलं. मी नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरून येईना. छातीला नळी लावली. दुखणं गुडघ्याचं नव्हतंच, हृदयाचं होतं.

"आजी, धाप लागते हे सांगितलं नाही कधी?"

"कोनाले सांगू बापा? आज तर दिसला तू."

तुळशीराम बाजूला उभा राहून दुसरीकडेच बघत होता. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

दुपारी नगराध्यक्ष तणतणत आले. "डॉक्टर, नगरपालिकेचं सामान असं उघड्यावर? काय तमाशा लावला हा?" एवढ्यात रांगेतून त्यांचीच आत्या ओरडली, "बाजूले हो रे! माहा नंबर हाय!" नगराध्यक्ष बाजूला झाले. दर गुरुवारी टेबल खाली येईल, हे असं ठरलं. लेखी काहीच नव्हतं.

गंगामाय औषधाने सावरली. सूज उतरली, रात्री आडवं पडून झोप लागू लागली. लांबच्या धामणगाव बढे गावाहूनही कोणी कोणी आपल्या म्हाताऱ्याला बैलगाडीत घालून गुरुवारी आणू लागलं. माझं काम वाढलं, थकवाही वाढला. पण आता संध्याकाळी आपण कशाने थकलो ते तरी सांगता यायचं.

अशाच एका गुरुवारी रांग संपली, मी पेन खिशाला लावलं, तेव्हा तुळशीराम समोरच्या स्टुलावर येऊन बसला. नोकरीत तो माझ्यासमोर कधी बसला नव्हता.

"साहेब, एक बुढा राह्यला."

"कुठे?"

"ह्यो काय."

मी त्याचा चेहरा उन्हाकडे वळवला. दोन्ही बुबुळांत पांढुरका पडदा. उजव्या डोळ्याला मी बोटं दाखवली, तो मोजू शकला नाही.

"अरे, मग तू औषधं कशी भरतोस?"

"वासानं. अन् बाटलीची जागा पाठ हाय." मग घाईने म्हणाला, "चुकलो नाही साहेब अजून. पन आज दोनदा वास घ्या लागला. तवा म्हनलं, आता सांगा लागते."

"इतके दिवस का लपवलंस?"

"आपरेशन झाल्यावर महिनाभर कोनी तरी डोळ्यात दवा टाका लागते. आपली आपल्याले टाकता येत नाही. घरी कोन हाय माह्या? बायको गेली त्याले बारा वर्सं झाली. पोरगी दिली तिकडं बीबी गावाले, तिचा संसार मोठा."

अकोल्याला त्याच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तिथून परतल्यावर रोज दवाखाना बंद करून मी त्याच्याकडे जायचो. एक खोली, एक खाट, दोरीवर एकच धोतर. मी पट्टी सोडायचो, तो लहान मुलासारखा मान मागे करायचा, मी थेंब टाकायचो, पट्टी बांधायचो. पाच मिनिटांचं काम.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी निघालो, चपला घातल्या. मागून त्याचा आवाज आला, नेहमीचा नव्हे, अगदी हळू.

"साहेब, तुमाले काम असंन. पन... जराशेक बसता का?"

मी चपला काढल्या आणि खाटेच्या कडेला बसलो. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.