तात्यांचं दुसऱ्यांदा काढलेलं रक्त

सोपानतात्या माणसाला नमस्कार करत नाहीत. आधी त्याचे दात बघतात.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हशींची दलाली करण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे समोर कुणीही आलं तरी त्याचं वय, तब्येत आणि स्वभाव तात्या दातांवरून ठरवतात. आमच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले तेव्हा मी हौसेने त्यांची तात्यांशी ओळख करून दिली. ते हसले. तात्यांनी निरखून पाहिलं आणि माझ्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मास्तर, उतरतीचं हाय. अन् मारकं."

मुख्याध्यापकांनी दुसरी गोष्ट लगेच खरी करून दाखवली.

तात्या माझे शेजारी. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा, विलास, चाकणला कंपनीत. घरात तात्या आणि एक म्हातारी म्हैस. ती दूध देत नाही, पण तात्या म्हणतात, "बोललेलं ऐकून घेती." विलास कधी येणार असं विचारलं, की उत्तर ठरलेलं, "त्याला लई काम आसतं."

परवाच्या बाजारात सौदा करता करता तात्या लिंबाखाली मटकन बसले. छातीत दुखत होतं, अंगाला घाम सुटला होता. मी भाजी घ्यायला गेलो होतो. पिशवी तिथेच टाकून त्यांना गाडीत घातलं आणि नगरचा रस्ता धरला.

"भजी बाधली, दुसरं काय न्हाई," तात्या डोळे मिटून पुटपुटत होते. शेजारून जनावरांचा टेम्पो गेला. तात्यांचा एक डोळा उघडला. "मागची म्हैस लंगडतीया. फसला बिचारा."

दवाखान्यात छातीला वायरी लावून ईसीजी काढला. तो ठीक होता. मग रक्त काढलं. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या.

"आजोबा, हृदयाच्या स्नायूला इजा झाली, की ट्रोपोनिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो. तुमचा रिपोर्ट चांगला आहे. पण तो रक्तात दिसायला वेळ लागतो, म्हणून तीन तासांनी परत रक्त घेऊ."

"परत? मगाशीच काय ते काढून घ्यायचं ना!" तात्या उखडले. मग एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "आसं हाय व्हय! म्हैस आज भरवली अन् आजच तपासली, तर गाभन हाय का न्हाई कसं कळनार? दम धरावा लागतो."

"अगदी तसंच," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या आणि पडद्यामागे जाऊन त्यांनी हसून घेतलं.

तीन तासांत तात्यांनी वॉर्डाचा बाजार केला. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना तोंड उघडायला लावलं, तर त्यांनी कवळीच काढून दाखवली. "ह्ये आमच्यात चालत न्हाई," तात्या म्हणाले.

मी बाहेर जाऊन विलासला फोन केला होता. ते कळल्यावर मात्र तात्या भडकले. "कशाला त्याच्या जिवाला घोर लावला? त्याला लई काम आसतं!" पण जरा वेळाने त्यांनीच हळूच विचारलं, "काय म्हनला?"

"निघालाय."

सिस्टर दुसऱ्यांदा रक्त काढायला आली, तेव्हा तात्यांनी आपणहून बाही वर केली.

तासाभराने मॅडम हसत आल्या. "आजोबा, हाही रिपोर्ट चांगला. हृदयाला काही झालेलं नाही. म्हशींच्या ओढाताणीत छातीचा स्नायू दुखावलाय. घरी जाऊ शकता."

मी सुटकेचा निःश्वास सोडला. तात्यांचा चेहरा मात्र पडला.

"आजच?"

"हो, आत्तासुद्धा."

"आजून एकदा बघता का? तिसऱ्यांदा?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. हातांत तात्यांचं सामान होतं, म्हणून स्पीकरवर घेतला. विलास होता. "काका, शिक्रापूरला पोचलोय. रिपोर्ट काय आला? नॉर्मल असेल तर इथूनच माघारी फिरतो, सकाळी शिफ्ट आहे."

तात्या माझ्याकडे बघत होते. नेहमी दातांकडे बघणारा माणूस पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघत होता.

"घाबरण्यासारखं काही नाही रे," मी म्हणालो, "पण मॅडमना तुझ्याशी बोलायचंय. तू ये."

मॅडमनी सुटीचा कागद खिशात ठेवला.

"पार जवळ, केडगावला आला की मला सांगा," तात्या म्हणाले. त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली, आणि आजारी माणसासारखे पडून राहिले.